विषारी प्यादं सोडताना

सोमनाथ सरांनी काळा उंट उचलून पुढं ठेवला आणि मान वर केली. "इथं आधी उंट काढायचा. वजिराचं मग बघू."

मुबश्शिरा पटाकडं बघत राहिली. काळा वजीर एकटाच पुढं जाऊन पांढऱ्याचं कडेजवळचं प्यादं खाऊन बसला होता आणि पांढऱ्याचा घोडा नुकताच त्याची वाट अडवायला आला होता. अशा वेळी वजीर लगेच बाहेर काढायचा असतो. एक चाल दुसरीकडं घालवली, की त्याची परतीची वाट बंद होते. सोडवायचाच तर एक मोहरा गमवावा लागतो. त्या प्याद्याला विषारी म्हणतात ते याचसाठी. आणि हे तिला सरांनीच शिकवलं होतं, ती शाळेत असताना, सिडकोतल्या याच घरात.

"बरं सर," ती म्हणाली.

सर वैजापूरला गणित शिकवायचे. निवृत्त झाल्यावर शहरात आले आणि बुद्धिबळाची शिकवणी घेऊ लागले. शहागंजातून सायकलवर येणारी मुबश्शिरा ही त्यांची पहिली विद्यार्थिनी. पोरगी चिडकी होती, हल्ला करायला आसुसलेली. म्हणून सरांनी तिला काळ्या मोहऱ्यांसाठी सिसिलियन बचावातलं सगळ्यात धारदार ओपनिंग, म्हणजे डावाची ठरलेली सुरुवात, दिलं होतं. बाकीची पोरं पुढं नोकरी-शिक्षणाच्या मागं पांगली. ती मात्र क्रांती चौकातल्या लॅबमध्ये नोकरीला लागल्यावरही दर रविवारी येत राहिली.

त्या दिवशी निघताना गीताबाई तिच्यामागं फाटकापर्यंत आल्या. सरांच्या बायकोला ती काकूच म्हणायची.

"आज काही चुकलं का गं त्यांचं?"

मुबश्शिरानं चप्पल घालण्याचं निमित्त करून खाली पाहिलं.

"मला बी दिसतं," काकू म्हणाल्या. "परवा दूध आणायला गेले अन् पलीकडच्या गल्लीत वाट चुकून उभे राहिले. डॉक्टर म्हणले, हे विसरणं हळूहळू वाढत जाईल. हे तुला सांगू नको म्हणलेत मला. रविवारची लई वाट बघतात, म्हणून सांगते."

घरी जाताना तिला रडू आलं नाही. नुसतं थकल्यासारखं झालं, आणि तो थकवा आजचा नव्हता. दिवसभर लॅबमध्ये रिपोर्ट तपासायचे, मग संध्याकाळी लॅपटॉप उघडून त्याच त्या चाली घोकायच्या. गेल्या महिन्यात पाठ केलेली चाल या महिन्यात कॉम्प्युटर मोडीत काढायचा. नाशिकच्या स्पर्धेत समोरची मुलगी न थांबता चाली खेळत गेली होती आणि मुबश्शिराला पुढचं काही म्हणजे काही आठवलं नव्हतं. हरल्याचं दुःख व्हावं, तर तेही नीट झालं नाही. कधी एकदा खोलीवर जाऊन झोपते, असं झालं होतं.

पुढच्या रविवारी पट मांडून होण्याआधीच ती म्हणाली, "सर, मी सिसिलियन सोडते. कारो-कान घ्यावं म्हणते."

सरांचा हात थांबला. "कारो-कान?"

"त्यात पाठांतर कमी आहे. रचना एकदा समजली, की आपल्या डोक्यानं खेळता येतं."

"ते म्हाताऱ्यांचं ओपनिंग हाय! बसून राहायचं अन् समोरचा चुकायची वाट बघायची. तू? तुझा हात तसा हाय का?"

"थकले मी, सर. नाय होत आता पाठ."

"राज्य स्पर्धा तोंडावर आली अन् तू थकली!" सर उठून खिडकीशी गेले. मग बाहेर बघतच म्हणाले, "मागल्या रविवारी मी आधी उंट काढ म्हणलो. व्हय ना?"

तिनं हातातलं प्यादं पटावर ठेवलं.

"तू गेल्यावर ध्यानात आलं. रात्रभर तेच डोक्यात. तू का बोलली नाय?"

"सर, ते…"

"चूक दिसली की तोंडावर सांगायची. ही शिकवण कोणाची? अन् तू 'बरं सर' म्हणून उठली." त्यांचा आवाज चढला आणि एकदम बसला. "माझ्यासाठी सोपं शोधून आणलं व्हय? मला झेपावं म्हणून?"

"तुमच्यासाठी पण," मुबश्शिरा म्हणाली. "आणि थकलेय तेही खोटं नाय. त्यातलं कोणतं आधी सुचलं, ते मलाच कळत नाय, सर."

सर खुर्चीत येऊन बसले. चेहऱ्यावरून हात फिरवला. "फरदीनकडं जा. माझाच विद्यार्थी हाय, आता मोठ्या पोरांना शिकवतो. सगळं नवं त्याला येतं."

"त्याच्याकडनं चालींच्या फायली घेईन. पण बसायचं असेल तर इथंच बसणार."

काकूंनी आतून चहा आणून ठेवला. कुणीच हात लावला नाही. शेवटी सरांनीच काळं प्यादं उचललं आणि कारो-कानची पहिली चाल, एकच घर पुढं, करून ठेवली.

"दाखव," ते म्हणाले. "तू शिकव. मी चुकलो की सांगायचं. नाय सांगितलं तर शिकवणी बंद."

पुढचे रविवार असेच गेले. कधी सर प्याद्यांच्या रचनेवर असं काही बोलायचे, की तिला लॅपटॉप मिटून ठेवावासा वाटायचा. कधी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायचे आणि ती पुन्हा पुन्हा सांगायची. सांगताना सुरुवातीला जीभ जड व्हायची. नंतर सवय झाली.

राज्य स्पर्धेत ती मधेच कुठंतरी राहिली. काळ्या मोहऱ्यांनी खेळताना तिनं एक डाव जिंकला, एक हरली, बाकीचे बरोबरीत सुटले. पुढच्या स्पर्धेसाठी निवड झाली नाही. पण प्रत्येक डावात आपण कुठं उभे आहोत, हे तिला शेवटपर्यंत कळत होतं.

परतल्यावर ती सिडकोत गेली, तेव्हा सर पट मांडून बसले होते. तिनं स्पर्धेतलं सगळं सांगितलं. हरलेला डावही. सरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "स्पर्धा कधी हाय मग?"

"झाली सर. आत्ता तेच सांगत होते."

"व्हय, व्हय." त्यांनी मान हलवली. "खेळ."

तिनं पटाकडं पाहिलं. उजव्या हाताच्या कोपऱ्यात काळं घर आलं होतं.

"सर, पट आडवा लागलाय. उजवीकडं पांढरं घर पाहिजे."

सरांनी पट निरखून पाहिला. "खरंच की," ते म्हणाले आणि मोहरे एकेक करून उचलू लागले. तीही दुसऱ्या बाजूनं उचलू लागली. मग दोघांनी मिळून पट फिरवला.