खालच्या पाड्याचा ठराव

ठरावाच्या बाजूने वर केलेला नलिनी घरतचा हात सभा संपली तरी खाली आला नाही. तिने डाव्या हाताने तो ओढून पाहिला, शेजारच्या बाईकडून ओढवून घेतला. हात हलला नाही. शेवटी तिने पदर सावरला, पिशवी डाव्या खांद्याला अडकवली आणि हात तसाच ठेवून ती सभागृहाच्या पायऱ्या उतरली. बाजूने मत दिलेल्या सगळ्यांचंच तसं झालं होतं. विरोधातले लोक हात खिशात घालून कधीच निघून गेले होते.

"हा खाली कधी यायचा, मॅडम?" मुकादमचाचांनी विचारलं. इस्माईल मुकादम म्हणजे खाडीवर तरीची होडी चालवून म्हातारा झालेला माणूस. सभेत ते नलिनीच्या शेजारच्या खुर्चीवर बसत.

सभा चालवायला जिल्ह्याहून आलेल्या सोनावणे मॅडम गाडीत बसत होत्या. "येईल," त्या म्हणाल्या. "सुरुवातीला जरा जड वाटतो." आणि त्यांनी काच वर केली.

नगरपालिकेने चिठ्ठ्या टाकून ही सभा निवडली होती. हवा बदलते आहे, खाडीचं पाणी चढतं आहे, तेव्हा गावाने पुढे काय करायचं ते गावातल्याच साध्या माणसांनी ठरवावं, असं होतं. नलिनीची एसटी स्टँडसमोर खानावळ होती. तिला आजवर कुणी काही ठरवायला बोलावलं नव्हतं. ती दर रविवारी इस्त्रीचं लुगडं नेसून जायची आणि सगळं नीट ऐकायची. जुना बंधारा प्रत्येक उधाणाला फुटत होता. शेतं खारी झाली होती, विहिरी गेल्या होत्या. अख्ख्या गावाभोवती भिंत घालणं कुणाच्याच आवाक्यातलं नव्हतं. फिरून फिरून सभा एकाच गोष्टीशी येऊन थांबायची: खालचा पाडा वर माळावर हलवायचा आणि ती जागा पाण्याला सोडायची. म्हणजे बाकीचं गाव राहील.

खालच्या पाड्यात नलिनीची मोठी बहीण शेवंती राहायची.

नलिनीने बराच काळ डोकं शिणवलं आणि मग हात वर केला. तिला ते खरंच बरोबर वाटलं होतं. पुढेही तिचं मत कधी बदललं नाही, आणि तिची खरी अडचण तीच होती.

एका हाताने भाकरी थापता येत नाही. तिचा नवरा यशवंत भाकऱ्या थापायला शिकला. त्या तव्यावर जाईपर्यंत तुटायच्या. गिऱ्हाईकं जेवताना मान वर करून विचारायची, "काय मावशी, काही म्हणायचंय का?" ती रस्त्याच्या कडेला नुसती उभी राहिली तरी एसटी थांबायची. "चढायचं नाही तर हात कशाला करता?" कंडक्टर वैतागायचा. नलिनी दर वेळी त्याची माफी मागायची. झोपताना हात उशाच्या पलीकडे भिंतीला टेकायचा आणि सकाळी खांदा असा ठणकायचा की चहाचा कपही नकोसा व्हायचा.

पाडा उन्हाळ्याच्या आत हलवायचा होता. माळाची मोजणी राहिली म्हणून नगरपालिकेने मुदत वाढवली, आणि मुदत वाढली तसा नलिनीचा हातही वीतभर वाढला. मग निवडणूक लागली, पुन्हा मुदत वाढली. हात पंख्याला लागायला लागला. यशवंतने पंखा काढून कपाटावर ठेवला. तिसऱ्या वेळी कारण कुणी सांगितलंच नाही. नलिनी स्वतःच्या स्वयंपाकघरात उभी राहू शकेना, आणि काही दिवसांनी बसूही शकेना.

"स्लॅबला भोक पाडता येईल का?" तिने विचारलं.

"वर पाण्याची टाकी आहे," यशवंत म्हणाला. त्याने खरोखरच वर जाऊन बघितलं होतं.

ती अंगणात बसायला लागली. ऊन असं होतं की दुपारी पत्र्याच्या बादलीला हात लावता येत नव्हता. एकदा मुकादमचाचा आले. त्यांनी उन्हापासून जपायला हाताला ओला पंचा गुंडाळला होता आणि दारातल्या विजेच्या तारा चुकवत ते तिरके तिरके चालत होते.

"नगरपालिकेत जाऊन आलो," ते खाली टेकत म्हणाले. "साहेब म्हणाले, काम चालू आहे. हात वरच राहू द्या म्हणाले. तेवढाच लोकांचा पाठिंबा दिसतो."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार बेटी? खाली करा म्हणाले असते तरी कुठे झाला असता."

चाचांच्या बोटांवर एक कावळा येऊन बसला. त्यांनी त्याला हाकललं नाही. तेवढा जोर त्यांच्यात उरला नव्हता.

कौल सारून हात बाहेर काढता येईल अशी कौलारू घरं आता फक्त खालच्या पाड्यात उरली होती. म्हणून नलिनी शेवंतीकडे गेली. सभेपासून दोघी बहिणी बोलल्या नव्हत्या. शेवंती ओट्यावर सुकत टाकलेले कोळंबीचे सोडे उलटेपालटे करत होती. तिने आधी हाताकडे पाहिलं, खालपासून पार वरपर्यंत, मग बहिणीकडे.

"कुणासाठी वर केलास?"

"गावासाठी."

"गावात मी येत नाही होय?"

"येतेस ना, ताई. म्हणून तर तुला माळावर..."

"माळ मी बघून आले. दगड आहेत नुसते. दगडांवर चुन्याने आकडे टाकलेत." शेवंतीने हातातला सोडा सुपात टाकला. "हा दगड तुमचा, म्हणाले मला. मी त्याच्यावर जरा बसले आणि परत आले."

नलिनीला फक्त कुठेतरी टेकायचं होतं. शेवंती उठली, शिडी लावून छपरावर चढली आणि मधल्या खोलीवरचं एक कौल तिने बाजूला सारलं.

"ये आत," ती वरूनच म्हणाली. "उन्हात उभी राहून काय करणार आहेस?"

नलिनी खोलीच्या मधोमध बसली. हात छपरातून बाहेर काढला तेव्हा किती तरी महिन्यांनी तिचा खांदा सैल झाला. शेवंती तिला जेवण भरवायची, केस विंचरायची, लहानपणी करायची तसंच, गुंता आला की टपली मारून. संध्याकाळी छपरावर चढून ती हाताला बसलेलं मीठ ओल्या फडक्याने पुसून काढायची. खाली आली की म्हणायची, "नखं वाढलीत तुझी." ठरावाबद्दल ती बोलायची नाही. सकाळी उंबऱ्याच्या आत आलेलं पाणी मात्र खराट्याने बाहेर काढताना ती एकेक घर मोजल्यासारखी नावं घ्यायची. दामू गेला मुलाकडे. कोळ्यांची सुंदरा गेली. आता विहिरीपलीकडे कुणी नाही.

एक दिवस तिने खराटा भिंतीला टेकवून ठेवला.

"चल," ती म्हणाली. "ने मला माळावर. तू बरोबर असशील तर दगडावरही राहीन."

तिने भांडी पोत्यात भरली, नवऱ्याचा फोटो लुगड्यात गुंडाळला, कपड्यांची पेटी दाराशी ओढून आणली. नगरपालिकेचा ट्रॅक्टर येणार होता. दोघी त्याची वाट बघत बसल्या. ट्रॅक्टरऐवजी मुकादमचाचांचा निरोप आला की मुदत पुन्हा वाढली. त्या वेळी नलिनीचा हात लांबीला वाढला नाही, जाडीला वाढला. कौलाच्या जागी तो असा घट्ट बसला की बाजूने उजेडाची रेघही आत येईना. शेवंतीने तिला कमरेला धरून ओढलं. छप्पर करकरलं, हात निघाला नाही.

"तू जा, ताई. चाचांकडे जा."

"पेटी एकटीने उचलत नाही," शेवंती म्हणाली आणि पेटीवर बसली. खरं तर पेटी तिला एकटीला उचलता आली असती.

अमावास्येच्या उधाणाला भर दुपारी खोलीतला उजेड हिरवा झाला. शेवंतीने दार लावून घेतलं होतं, फटीत चिंध्या कोंबल्या होत्या. जमीन कोरडी होती. बाहेर कसलाही आवाज नव्हता, कुत्र्याचासुद्धा नाही.

"ताई," नलिनी म्हणाली, "वर पाणी आहे."

"वर म्हणजे?"

"हाताला लागतंय. गार आहे."

शेवंतीने छपराकडे पाहिलं, मग पायाखाली पाहिलं. खिडकीच्या काचेमागे पाणी उभं होतं. ते हलत नव्हतं.

"आत्ता मनगटाजवळून काहीतरी सरकून गेलं," नलिनी म्हणाली. "बोईट मासा असेल."

"खोल आहे का?"

"मनगटाच्या वरपर्यंत. आता बोटंसुद्धा बुडाली."

छपरावरून एकही थेंब आत आला नाही. नलिनीचा हात त्या जागेत बुचासारखा बसला होता. तिच्या डाव्या हाताशी ठेवलेला मोबाईल वाजला. यशवंत होता. त्याच्यामागे टाळ्या ऐकू येत होत्या.

"अगं, नगरपालिकेत पेढे वाटतायत," तो म्हणाला. "ठराव अमलात आला. खालचा पाडा पाण्याला दिला म्हणून मॅडमनी आत्ताच जाहीर केलं. गाव वाचलं. तू कुठे आहेस?"

"ताईकडे. आत."

"बरं झालं. ऐक, सगळ्यांचे हात खाली येतायत. चाचांचा आलासुद्धा, ते रडतायत बघ. तुझा आला का?"

नलिनीने फोन खाली ठेवला. खांद्याच्या आत, अगदी खोल, काहीतरी सुटत होतं. ते इतकं सुखाचं होतं की तिचे डोळे मिटायला लागले. कोपराला बारीकसा बाक आला. छपराच्या कडेने पाण्याची एक बारीक धार तिच्या दंडावरून काखेत उतरली.

"नली, हात खाली घेऊ नकोस," शेवंती म्हणाली.

"मी घेत नाही, ताई. तो येतोय."

"वर धर म्हणते ना!"

"थकले गं."

शेवंतीने पेटी ओढत खोलीच्या मधोमध आणली, तिच्यावर चढली, बहिणीच्या कोपराखाली तळवे लावले आणि होतं नव्हतं ते बळ लावून वर रेटलं. तिचे दोन्ही हात आता वर होते.