कोरडा रूळ

“कोनी इस्वास ठेवनार नाई तानुबाई, पन आज म्या तुमच्या जानरावले वाचवलं!”

मेथीची जुडी बांधता बांधता तानुबाईंचा हात थांबला. बडनेऱ्याच्या बाजारात त्या भाजी विकत, आणि समोरच्या पोत्यावर बसलेले खुशालराव हे मालगाडीचे निवृत्त ड्रायव्हर. फेकाफेकीत त्यांचा हात धरणारा अख्ख्या गावात नव्हता. एकदा म्हणे दवानं रूळ इतका बुळबुळीत झाला की इंजिनाची चाकं रात्रभर जागच्या जागी फिरली. मीटर नागपूरला पोचलं, गाडी मात्र बोरगावलाच! असलं काही ऐकलं की तानुबाई पदर तोंडाला लावून हसत. जानरावचं नाव मात्र दोघांच्या बोलण्यात इतक्या वर्षांत कधी आलं नव्हतं.

तानुबाईंचा नवरा जानराव रुळांची देखभाल करी. बोरगावच्या वळणावर, हिवाळ्यातल्या एका दव पडलेल्या सकाळी, तो खुशालरावांच्याच गाडीखाली गेला. ब्रेक लागले होते, शिटी वाजली होती. चौकशीतून खुशालराव सुटले. मनातून एकच गोष्ट सुटेना. एवढी शिटी मारली, तरी गड्यानं वळून का पाहिलं नाही?

“गेलेल्या मानसाले कसं वाचवलं, भाऊ?”

“अकोल्याले नकली इंजिन हाये ना, पोरायले शिकवाचं! काचेच्या जागी पडदा, त्याच्यावर रूळ धावते. तिथं प्राजक्ता म्हनून इंजिनेर पोरगी हाये. तिनं बोरगावच्या वळनावर एक ढकलगाडी फिरवली. तिचं इवलुसं चाक रुळाले घासते, आन पकड किती हाये थे सांगते. सकाळची येगळी, दुपारची येगळी. सारं कंपुटरात टाकलं. आता नकली गाडी बी दवात घसरते म्हने. खऱ्यावानी घसरते का, थे पाहाले मले बलावलं.”

“मंग? घसरली?”

घसरली होती. रुळावर माणूस ठेव, हे खुशालरावांनीच पोरीला सांगितलं होतं. ब्रेक लावले, पकड यावी म्हणून चाकांपुढे वाळू सोडली, शिटी दाबून धरली. गाडी पडद्यावरच्या माणसावरून निघून गेली. पुन्हा चालवली, पुन्हा गेली. त्यांच्या तोंडाकडे पाहून प्राजक्तानं, न विचारताच, दुपारचा कोरडा रूळ लावला. गाडी त्या माणसाच्या कितीतरी अलीकडे थांबली. मग खुशालरावांना खुर्चीतून उठवेना.

“घसरन कशी? चालवनारा कोन?” त्यांनी छाती काढली. “भर दवात थांबवली! शिटी मारली, तसा जानराव वळला. मले पाहून हासला, आन फावडं खांद्यावर टाकून बाजूनं निंगून गेला. घरी. तुमच्याकडं.”

स्टेशनाकडून एका मालगाडीची लांब शिटी आली. बांधलेल्या जुडीची सुतळी तानुबाईंनी पुन्हा सोडली.

“खोटं बोलून राहिले भाऊ तुमी. शिटी आयकून थे वळतीन कसे? त्यायचे दोनी कान गेले होते. नौकरी जाईन म्हनून आमी कोनालेच सांगतलं नवतं.”