चौथी ओळ

पुलांग बातो वस्तीच्या रंगमंचावर आजवर कुणीही आपले शब्द आपण बोलले नव्हते. राजा असो, राजकन्या असो, नाहीतर नुसता भालेकरी असो; संत रोकेंच्या उत्सवातील कोमेद्यात, त्या पद्यनाट्यात, प्रत्येक ओळ आधी लोला युफ्रासियांच्या, म्हणजे युफ्रासिया आजींच्या, मुखातून निघे आणि मगच नटाच्या. नाव विनोदी नाटकाचे असले, तरी त्या खेळात हसण्यासारखे थोडे आणि लढण्यासारखे फार होते. रंगमंचाच्या पुढच्या कडेला फळ्यांखाली एक खड्डा होता, त्यावर नारळाच्या झावळ्यांचे छत. त्या खड्ड्यात संहिता मांडीवर घेऊन लोला एकेचाळीस वर्षे बसत आल्या होत्या. बारा अक्षरांची ओळ, चार ओळींचे कडवे. त्या ओळ सांगत आणि नट ती गर्जत. पटकीच्या वर्षी त्यांच्या वडिलांनी संतांना नवसच तसा बोलला होता: संहितेतले सारे म्हणू, आणि संहितेतलेच म्हणू.

गेली दोन वर्षे त्या संहितेतले एक अक्षरही लोलांना दिसत नव्हते. डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा आला होता. शेजारी बसलेली धाकटी नात, कान्दिदा, वेळेवर पाने उलटत असे आणि आजी पाठ म्हणे. हे गुपित त्या दोघींचेच होते.

"लोला, लढाई आली," कान्दिदा कुजबुजली.

"ऐकू येतंय मला. पाठ सरळ कर. खड्ड्यात बसलीस म्हणून काही बेडूक झाली नाहीस."

वर ब्रास बँडने कूचाची धून वाजवायला घेतली. निळ्या झग्यातला ख्रिस्ती युवराज म्हणजे लोलांचा थोरला नातू अन्सेल्मो, कान्दिदाचा कुया, म्हणजे दादा. लाल झग्यातला मुसलमान, म्हणजेच मोरो, युवराज होता तिबुर्स्यो, सरोवरातला मासेमार. नऊ फेऱ्यांची लढाई. नवव्या फेरीत ख्रिस्ती युवराज गुडघ्यावर येतो, मोरो युवराज त्याच्या मानेवर तलवार उगारतो, आपले कडवे म्हणतो, आणि वार खाली येण्याआधी वरून देवदूत उतरतो. तलवारी पत्र्याच्या. संतांच्या खेळात खरे पाते आणायचे नाही, हे वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होते.

तिसऱ्या फेरीत लोलांनी मान वर केली.

पत्र्यावर पत्रा आपटला की थाळी पडल्यासारखा आवाज होतो. हा आवाज तसा नव्हता. तो खोल होता, आणि आपटल्यावरही थोडा वेळ हवेत राहत होता.

"कान्दिदा, तिबुर्स्योच्या हातात काय आहे?"

"तलवार. मुठीला लाल फडकं गुंडाळलंय." मग ती थबकली. "लोला, अन्सेल्मोकुयाच्या तलवारीला खाचा पडतायत."

लोलांनी हातातली काठी घट्ट धरली. पोलाद होते ते.

दोन महिन्यांपूर्वी कुणीतरी तिबुर्स्योची जाळी कापली होती. ती सांधायला त्याचा धाकटा भाऊ पाण्यात उतरला आणि तुटक्या जाळ्यात पाय गुंतून वर आलाच नाही. वस्ती अन्सेल्मोचे नाव कुजबुजत होती, पण पुरावा कुणाकडे नव्हता. लोलांकडे होता. दुसऱ्या सकाळी नातवाच्या सुरीच्या मुठीत अडकलेला जाळ्याचा धागा त्यांच्या बोटांना लागला होता. तिबुर्स्योशी झालेल्या भांडणाच्या रागात पोराने सुरी चालवली होती. जीव जाईल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हते. लोलांनी तो धागा चुलीत टाकला आणि तोंड मिटून घेतले. त्यांच्या मागतिबाय घराण्याला आजवर डाग लागला नव्हता, आणि त्यांच्या हयातीत लागणार नव्हता.

"ओरडू का मी?" कान्दिदाने विचारले.

"खबरदार! पहिल्या रांगेत तिबुर्स्योचे पाच चुलतभाऊ बसलेत. मागे तुझे मामा. एक किंकाळी फुटली तर आज किती तिरड्या बांधाव्या लागतील, मोज."

सहावी फेरी झाली. सातवी झाली. आठव्या फेरीला अन्सेल्मोच्या पावलांची लय बिघडली. त्यालाही कळले असावे. पण बँड वाजत होता, वस्ती पाहत होती, आणि भर खेळातून पळणारा युवराज पुलांग बातोत जन्मला नव्हता. नववी फेरी आली. गुडघा फळ्यांवर टेकल्याचा आवाज लोलांच्या कपाळाशी झाला.

लोलांनी काठी तीनदा आपटली. बँड थांबला.

आता मोरो युवराजाची ओळ होती, आणि ओळ मिळाल्याशिवाय वार होत नसे. माणूस आतून कितीही पेटलेला असो, अंगाला सवय असते. तिबुर्स्यो पाते उगारून, कान खड्ड्याकडे लावून उभा राहिला. लोलांनी ती ओळ दिली नाही.

"अहो, लोलांना डुलकी लागली वाटतं!" मागून कुणीतरी ओरडले.

"युवराज, तोवर दाढी करून घे!"

लोक हसले. लोलांनी श्वास घेतला आणि एकेचाळीस वर्षांत प्रथमच संहितेत नसलेले शब्द उच्चारले. त्यांनी ते मोरो युवराजाला दिले नाहीत, ख्रिस्ती युवराजाला दिले.

"तुझे जाळे कापले माझ्या सुरीने."

कान्दिदाच्या हातातले पान अर्धे उलटून तसेच राहिले.

"लोला..." अन्सेल्मो ओठ न हलवता पुटपुटला. "लोला, नको."

"ओळ दिली आहे," त्या म्हणाल्या. "म्हण."

त्यांच्या तोंडची ओळ आजवर कुणी परत केली नव्हती. अन्सेल्मोने ती म्हटली. आवाज फाटला, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. हसणे जागीच थिजले. लोला पुढची ओळ देत गेल्या, नातू ती म्हणत गेला:

"पाण्यात भाऊ तुझा गुंतला त्याने,
सांगतो हे संतांच्या भर दारात,
मान माझी आहे ही तुझ्या हातात."

पहिल्या रांगेतले बाक सरकले. चुलतभाऊ उठले होते. लोलांनी पुन्हा एकदा काठी आपटली, आणि इतक्या वर्षांच्या धाकाने ते उभ्या जागी थांबले.

"तिबुर्स्यो," त्या म्हणाल्या, "आता तुझी ओळ. भावाच्या नावे हात उठला माझा."

मग वरून आवाज आला, जड आणि सवयीने लयीत: "भावाच्या नावे हात उठला माझा."

"पोलाद आणले मी, गुन्हा तो माझा."

"पोलाद आणले मी..." तो अडखळला. कुणीतरी बाई हुंदका देऊन गप्प झाली. "गुन्हा तो माझा."

"आईला कोणी द्यावे दुसरे प्रेत?"

त्याने तेही म्हटले, फार हळू.

चौथी ओळ लोलांच्या जिभेवर तयार होती. यमक जुळलेली, बारा अक्षरांची. ती द्यायला त्यांनी तोंड उघडले आणि मिटले. या एका ओळीवर आपला हक्क नाही, हे त्यांना त्या क्षणी कळले.

तिबुर्स्यो वाट पाहत होता. सारी वस्ती वाट पाहत होती. खड्ड्यातून शब्द येत नव्हता. पात्याची सावली लोलांच्या अंधूक डोळ्यांवर एकदा हलली, आणि कान्दिदाने त्यांचा दंड धरला.

"मी नाही देणार," तिबुर्स्यो म्हणाला.

पोलाद लोलांच्या डोक्यावरच्या फळीवर आदळले. तो आवाज विरेपर्यंत त्यांनी श्वास सोडला नाही.

"देवदूताला उतरव," मग त्या कान्दिदाला म्हणाल्या. "दोर अडकला की काय त्याचा? आणि बँडवाल्यांना सांग, इथे सुतक नाही, खेळ चाललाय."

खेळ अखेरपर्यंत झाला, पुढे एकही अक्षर न बदलता. पडदा पडताच लोलांनी अन्सेल्मोला खड्ड्यापाशी बोलावले.

"झगा उतरव. तिबुर्स्योच्या आईच्या दारात जायचंय आपल्याला. आत घेतलं तर आत, नाही घेतलं तर पायरीवर. तिथून पोलीस चौकीत. मी सोबत आहे. धागा मी जाळलाय, तेही मीच सांगेन."

त्याने आजीला हात देऊन वर घेतले.

"लोला," कान्दिदा मागून म्हणाली, "ती दोन कडवी संहितेत नाहीत."

"पेन्सिल आहे ना? समासात लिही. माझे डोळे गेलेत, हे आता तू सगळ्यांना सांगू शकतेस. पुढच्या वर्षी या खड्ड्यात तू बसायचंस."

कान्दिदा लिहू लागली. शेवटी थांबली, बोटांवर काहीतरी मोजले.

"चौथी ओळ सहाच अक्षरांची आहे. बारा करू?"

लोला युफ्रासिया नातवाच्या खांद्यावर हात ठेवून दोन पावले पुढे गेल्या होत्या. त्या वळल्या नाहीत.

"हात लावशील तर याद राख," त्या म्हणाल्या. "ती त्याची आहे."