ताईच्या हातचे डोळे

"बाई, पुन्हा एकदा बघा ना. भिंग पुसून बघा हवं तर." दातांचे डॉक्टर काकुळतीला आले होते. एरवी लोकांच्या दाढा उपटणारा माणूस, पण टेबलावरच्या वीतभर झिप्पूकडे बघताना त्यांचाच जीव दाढेखाली आला होता.

भिंगबाईंनी त्यांच्या समाधानासाठी पुन्हा पाहिलं. "खोटा आहे, डॉक्टर." आणि दुकानाच्या नियमाप्रमाणे त्यांनी झिप्पूच्या तळपायाला यंत्रानं आरपार भोक पाडलं. खोटा माल पुन्हा कुणाच्या गळ्यात पडू नये म्हणून ही शिक्षा. डॉक्टरांनी तो घरी नेला नाही. बाईंनी तो टेबलाखालच्या ट्रेमध्ये ठेवला.

झिप्पू हे केसाळ अंगाचं, गोऱ्या चेहऱ्याचं खेळणं. बंद डब्यात मिळतं आणि कुठला झिप्पू निघेल ते डबा फोडल्याशिवाय कळत नाही. त्यापायी चांगली शहाणीसुरती माणसं खुळावली होती. खुळं जमली की नकला करणारे येणारच. म्हणून जुन्या झिप्पूंची खरेदी-विक्री करणाऱ्या या दुकानानं, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाईंना त्यांच्या भिंगासकट नोकरीवर ठेवलं होतं.

"अलीकडच्या नकला तुम्ही झटक्यात कशा ओळखता हो?" मालकांनी मागे विचारलं होतं.

"डोळ्यांवरून," बाई म्हणाल्या होत्या. पुढचं त्यांनी गिळलं.

अस्सल झिप्पूचे डोळे छापलेले असतात. या नकलांचे मात्र हातानं रंगवलेले होते. पापणीचा फटकारा बाहेरून आत आलेला, डावखुऱ्या हाताचा. त्या हातानं लहानपणी बाईंच्या वेण्या घातल्या होत्या. तो त्यांच्या थोरल्या बहिणीचा हात होता.

ताईनं वीस वर्षं कपबशांवर फुलं रंगवली. कारखाना बंद पडला तशी ती वर्षभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मग एक ठेकेदार कोऱ्या चेहऱ्यांच्या पिशव्या आणून टाकू लागला. कंपनीचं काम आहे म्हणाला. ताई उठून बसली, चार घास जेवू लागली. "तुझ्या दुकानात माझी पोरं येत असतील बघ," ती फोनवर म्हणाली आणि बाई पटकन "हो गं" म्हणून गेल्या. त्या एका 'हो'नं घात केला. आता खरं सांगावं तर ताई पुन्हा भिंतीकडे वळणार. न सांगावं तर तिच्याच कामाला रोज आपल्या हातानं भोक पाडायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. बाईंना रडू यायचं, पण ओल्या डोळ्याला भिंगातून काही दिसत नाही.

डॉक्टर गेले आणि दार लोटून ताईच आत आली. ठेवणीतले कपडे घालून, केस नीट विंचरून.

"न कळवताच आले गं. म्हटलं, पोरांना बघून यावं."

बाईंनी तिला काचेच्या कपाटापाशी नेलं. ताईनं चष्मा लावून एकेक फळी पाहिली.

"छान आहेत. पण यातला माझा एकही नाही."

"तुझे राहत नाहीत ना. लगेच जातात."

"होय?" ताई खुलली. गुडघा दुखत होता म्हणून टेबलाजवळच्या स्टुलावर टेकली आणि तिची नजर खाली गेली. तिनं वाकून ट्रे ओढला. डॉक्टरांचा झिप्पू उचलला.

"हा बघ माझा! अगं, पण याच्या पायाला भोक कुणी पाडलं?" तिनं दुसरा उचलला, तिसरा उचलला. सगळे टेबलावर मांडले. एकोणीस होते.

"मी पाडलं," बाई म्हणाल्या.

"का?"

"नकली आहेत, ताई. तो ठेकेदार खोटं बोलला. कंपनीचं काम नव्हतंच ते. मला माहीत होतं. सांगायची छाती झाली नाही."

ताईनं एका झिप्पूच्या पापणीवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "डोळे बिघडले होते का गं?"

"नाही. अस्सलाहून देखणे आहेत. म्हणून तर सापडतात."

ताईनं मान हलवली. "घरी शंभर चेहरे कोरे पडलेत. शनिवारी तो न्यायला येईल. काय करू, सांग."

दिवसभर लोकांना खरं-खोटं सांगणाऱ्या बाईंनी भिंग काढून पुसायला घेतलं.

ताईनं थोडी वाट पाहिली. मग ती एकेक झिप्पू उचलून परत ट्रेमध्ये ठेवू लागली. रंग घासू नये म्हणून प्रत्येकाचा चेहरा वर करून.