बाईंची शोकसभा

बटणांच्या कारखान्याच्या व्यवस्थापक बाई इतक्या गुपचूप काम करत, की मुख्य कचेरीत त्या वारल्याचीच समजूत झाली. अकरा वर्षांत एक तक्रार नाही की एक फोन नाही! मोठे साहेब शोकसभा घ्यायलाच कारखान्यात येऊन थडकले आणि थेट माईकपाशी गेले.

माईक खरखरत होता. बाईंनी निमूटपणे त्याची वायर नीट खोचून दिली. भर भाषणात साहेबांना अडवणं त्यांना बरं वाटेना.

"बाईंनी कधी आवाज चढवला नाही," साहेब खिशातून रुमाल काढत म्हणाले, "पण काम कधी अडलं नाही!"

बाईंना उगीचच लाजल्यासारखं झालं. कामगार तोंड दाबून हसत होते. बाईंनी नुसतं वळून पाहिलं, तशी सगळी सभा चिडीचूप झाली.

साहेब चाटच पडले. "काय वचक आहे हो तुमचा! बाईंच्या जागी तुम्हीच या, उद्यापासून."

"उद्या दातांच्या डॉक्टरांकडे जायचंय," बाई हळूच म्हणाल्या. "परवा चालेल?"

तिसऱ्या दिवशी नेमणुकीचं पत्र आलं. पहिले सहा महिने उमेदवारीचे होते. बाईंनी सही केली आणि कोपऱ्यातलं यंत्र का कुरकुरतंय ते बघायला गेल्या.