कुंडीचं वजन

खालच्या ओठावर बी टेकवून ताई क्षणभर थांबली आणि म्हणाली, "हिला मोड आलाय." दुसरी बी टेकवली. "ही अजून झोपलीय."

"बोटाला नाही का कळत?" धाकटीने विचारलं. ती जमिनीवर फतकल मारून प्लास्टिकच्या डब्यांना भोकं पाडत होती.

"बोटं बटणं दाबून दाबून निबर झालीत. ओठाला आयुष्यभर नुसतं बोलायचं काम. त्याची कातडी शाबूत आहे."

ताई एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर ऑपरेटर होती. नजर लहानपणीच्या तापात गेली; दिसण्याची आठवणसुद्धा राहिली नव्हती. निवृत्तीला बरीच वर्षं झाली, तरी कुणी हाक मारली की तिच्या तोंडून आधी "बोला" निघायचं. धाकटी रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये टेक्निशियन. दोघींचीही लग्नं झाली नव्हती. एकीचं कुणी जमवलं नाही, दुसरीने जमू दिलं नाही. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे रस्त्यावरची गॅलरी, एवढा दोघींचा संसार. त्यात ताई दरवर्षी टोमॅटो लावायची. बिया ओल्या सुती फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात घालायची आणि डबा फ्रीजच्या डोक्यावर ठेवायची, कारण घरात तेवढी एकच जागा रात्रंदिवस कोमट असायची.

मोड आलेली बी तिने कागदी पेल्यातल्या ओल्या मातीत ठेवली आणि वर चिमूटभर माती भुरभुरली.

"दादाचा फोन आला होता," धाकटी म्हणाली.

"माहीत आहे. मोरीत जाऊन बोललीस म्हणजे त्याचाच."

"खालची खोली रंगवून घेतलीय म्हणाला. तुझ्यासाठी."

"कुठला रंग दिला?"

"विचारलं नाही मी."

"विचार हो. मला फार फरक पडणार आहे."

धाकटी हसली, पण थोडंच. तिला बढती मिळाली होती, दुसऱ्या शहरातल्या लॅबची प्रमुख म्हणून. इतक्या वर्षांनी कुणीतरी तिला खुर्ची देत होतं. ताई तिच्याबरोबर जायला तयार नव्हती. नव्या घरातल्या भिंती पाठ करायचं आपलं वय राहिलं नाही, असं ती म्हणाली होती. ती इथेच राहणार होती, एकटी. हे ऐकल्यापासून भावाची झोप उडाली होती. तो दोघींच्या मधला. धाकटी त्याला दादा म्हणायची आणि ताई बाळ्या, जरी त्याला आता नातवंडं होती.

शेवटी असं ठरलं की रुजू होण्याआधी धाकटीचं पंधरवड्याचं प्रशिक्षण होतं, तेवढे दिवस ताईने एकटीने राहून दाखवायचं. सगळं नीट झालं तर कुणी काही बोलायचं नाही. नाही झालं तर रंगवलेली खोली.

"आणि हे तुझं काय चाललंय?" ताईने पायाने एक डबा चाचपला.

"कुंड्या. तळाला पाण्याची टाकी, वर माती, मधून वात. वातीतून पाणी आपणहून वर चढतं. मातीला हवं तेवढंच. तुला बादली घेऊन गॅलरीत जायला नको. तिथली फरशी ओली झाली की..."

"मी काय आज जातेय गॅलरीत?"

"दादाला सांगायला बरं पडतं ग."

ताई पाणी द्यायची ते वजनावरून. सकाळी प्रत्येक कुंडी दोन्ही हातांनी जराशी उचलायची. जड असली तर पुढे, हलकी असली तर पाणी. त्यासाठी मातीत बोट घालायची गरज नसे, की वार लक्षात ठेवायची. पण धाकटीने दोन सुट्ट्या ह्या डब्यांवर घालवल्या होत्या, आणि तिच्या हातातल्या सळीची टोचणी ऐकू येत होती, घाईची, जरा चिडकी. ताईने पुढची बी ओठाला टेकवली.

रोपांना चार पानं आली तेव्हा धाकटीच्या निघण्याला दोन दिवस उरले होते. गॅलरीत वर्तमानपत्र पसरून दोघी बसल्या. ताईने चमच्याच्या दांड्याने रोप मुळासकट उचललं आणि पानाला धरून नव्या कुंडीत नेलं. देठाला ती कधी धरायची नाही. पान फाटलं तर दुसरं येतं, देठ चेमटला की रोप गेलं. मातीत खळगा करताना तिच्या बोटाला वातीचं टोक लागलं.

"ही कसली ग? गुळगुळीत लागते."

"नाडी आहे. परकराची. नवी कोरी आणली. सुती आहे म्हणाला दुकानदार."

ताईने टोक पुन्हा बोटांमध्ये फिरवलं. सुती नाडी अशी सुळकन निसटत नाही. ती बोलणार होती. पण आत इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग पडला होता, बॅग अर्धी भरलेली होती, आणि सकाळपासून धाकटी दोनदा म्हणाली होती की हे एक मार्गी लागलं की मी सुटले.

"बरी आहे," ताई म्हणाली.

धाकटीने वरून एकदा भरपूर पाणी घातलं, माती बसायला म्हणून. टाक्या काठोकाठ भरल्या. "आता ह्यांना हात लावायचा नाही. अजिबात. नाजूक आहेत आणि सारखं चाचपलं की मुळं हलतात. त्यांचं त्या बघून घेतील."

"हो बाई."

"हो बाई नको. नाही लावणार म्हण."

"नाही लावणार."

धाकटी गेली, आणि ताईने पंधरवडा काढला. पहिल्या दिवशी दूध उतू जाऊ दिलं नाही, ह्याचं तिला उगाच कौतुक वाटलं. वाण्याला फोन करून सामान मागवलं. त्याने साखर सांगून मीठ पाठवलं, ते तिने दारातच जिभेला लावून परत केलं. एकदा पेला फुटला. ओल्या फडक्याने सगळी फरशी टिपून घेतल्याशिवाय तिने पाऊल उचललं नाही. नळाचा वॉशर गेला तेव्हा प्लंबरला बोलावलं, आणि तो काम न करता नुसता पाना आपटतोय हे ओळखून त्याला म्हणाली, "अहो, आवाज पुरे, आता दुरुस्त करा." रोज सकाळी गॅलरीत जाऊन ती कुंड्या उचलून बघायची. जड असायच्या, पहिल्या दिवसाइतक्याच. ती समाधानाने आत यायची. पानांना तिने हात लावला नाही. सांगितलं होतं.

पंधरवडा संपला तेव्हा भाऊ स्टेशनवरून धाकटीला घेऊनच आला. सोबत एक मोठी रिकामी बॅग होती. ताईने ती जिन्यातच ओळखली. भरलेली बॅग अशी कठड्यावर टणटण वाजत नाही.

"बाळ्या, चपला बाहेर," ती म्हणाली. "आणि बॅगसुद्धा."

"बॅग आत असू दे ग, बाहेर कुणीतरी उचलून नेईल." तो हसत हसत आत आला, घर बघत फिरला. भांडी घासलेली होती, गादीवर सुरकुती नव्हती. मग गॅलरीचं दार वाजलं.

"ताई, ह्या कुंड्यांत काय होतं?"

होतं. 'आहे' म्हणाला नाही तो. ती उठून गॅलरीत गेली. मागे धाकटीची पावलं आली आणि थांबली.

ताईने आधी सवयीने कुंडी उचलली. जड. मग हात वर नेला. जिथे पान असायला हवं होतं तिथे हवा होती. खाली, मातीला चिकटून, दोऱ्यासारखं काहीतरी होतं, आणि बोट लागताच त्याचा चुरा झाला. तिने दुसरी कुंडी बघितली, तिसरी बघितली. तिसरीनंतर ती थांबली.

"सगळी?" तिने विचारलं.

"सगळी," भाऊ म्हणाला.

तिने पंधरवड्यात काय काय केलं ते दिसण्यासारखं नव्हतं. वेळेवर बंद केलेला गॅस दिसत नाही, न झालेली जखम दिसत नाही. मेलेली रोपं मात्र दारातून दिसत होती.

धाकटी खाली बसली होती. माती उकरून वात ओढून काढल्याचा आवाज झाला. "खाली ओली आहे," ती हळू म्हणाली, "आणि वरून कोरडी ठणठणीत. हिच्यात पाणी चढतच नाहीये, टाकी भरलीय तशीच. हे सूत नाही, नायलॉन आहे कसलं तरी. दादा, ही माझी चूक आहे. मी एका पेल्यात बुडवून बघायला हवी होती. साधी गोष्ट. लॅबमध्ये मी दुसऱ्यांना ओरडते ह्यासाठी."

"वातीचं सोड," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "वात कुणाचीही चुकेल. हिला कळलं नाही, हा मुद्दा आहे. डोळ्यांदेखत वाळली आणि... म्हणजे तू समज ग ताई, मी काही वाईट अर्थाने..."

"बोल, बोल. लाइन चालू आहे."

"उद्या गॅस गळाला, पाय घसरला. हिला कळेपर्यंत काय होईल? लोक मला विचारतील, तू कुठे होतास?"

"लोकांना माझा नंबर दे."

"थट्टा नको."

"बरं, नको." ताई कठड्याला टेकून उभी राहिली. खालून एक हातगाडी गेली, ती पुरती दूर जाईपर्यंत ती थांबली. "मला कळलं नाही, हे खरं आहे. मी ते नाकारत नाही. पण का नाही कळलं ते ऐक. नाडी हाताला लागली तेव्हाच मला संशय आला होता. हिला घाई होती म्हणून मी बोलले नाही. मग ही म्हणाली हात लावू नकोस. मी नाही लावला. रोज तिथे उभी राहायचे, हात पानांपासून वीतभर अंतरावर, आणि लावायचे नाही. शहाण्यासारखी."

"मी रोपांच्या काळजीने म्हटलं ग," धाकटी म्हणाली.

"तू काळजीनेच म्हटलंस. बाळ्याही काळजीनेच म्हणतो. तुझ्याकडे आले की, बाळ्या, तुझी बायको म्हणेल गॅसला हात लावू नका, तुझी सून म्हणेल बाळाला उचलू नका, तू म्हणशील जिन्याकडे जाऊ नकोस. सगळे प्रेमाने. आणि मी ऐकणार, कारण घर तुमचं. मग त्या घरात काय जगतंय आणि काय वाळतंय, ते मला कुठून कळणार? मला हात लावल्याशिवाय कळत नाही रे. दुसरी सोय नाही माझ्याकडे."

भावाने नाक ओढलं. लहानपणापासून तो हरायला आला की नाक ओढायचा.

"खोलीला फिकट पिवळा दिलाय," तो शेवटी म्हणाला.

"छान असेल."

"तीन महिने बघू. मग परत बोलू."

"बोलू ना."

तो चहा न घेता निघाला, ट्रॅफिकचं कारण सांगून. जाताना तळमजल्यावरच्या निवृत्त कंडक्टरशी तो बराच वेळ बोलत होता. वर नुसते आवाज येत होते, शब्द नाहीत.

धाकटी म्हणाली, "मी नाही जात. कळवते त्यांना."

"कळव. आणि मग जन्मभर माझ्याकडे बघत बस, मी कधी पडते म्हणून. मला दिसणार नाही, पण कळेल." ताईने कुंडीतली कोरडी माती वर्तमानपत्रावर उलटी केली. "जुना परकर फाड एखादा. सुती. त्याच्या वाती कर, आणि आधी बुडवून बघ. आणि दोन कुंड्या मला बिनवातीच्या दे, साध्या."

ताईने पुन्हा बिया रुजवल्या. धाकटी महिनाअखेर गेली. जाताना तिने फ्रीज पुसला, दाराची कडी दोनदा तपासली आणि ताईच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. ताईने त्या हातावर थोपटलं. मग टॅक्सीचं दार लागलं, आणि त्यानंतरचा आवाज रस्त्यातल्या इतर आवाजांत मिसळून गेला.

त्या दिवशी ताईने नेहमीची सगळी कामं केली. नव्या रोपांची पानं एकेक करून चाचपली. ती थंड होती आणि ताठ. जेवण झालं, भांडी झाली. ती पुढच्या खोलीत खुर्चीवर बसली होती, तेव्हा दारावर टकटक झाली.

"बोला."

"मी, कंडक्टर. खालचा. आहात ना घरात?"

तिने दार उघडलं. "आहे की. का हो?"

"नाही, अंधार दिसला. तुमचे भाऊ म्हणून गेले होते लक्ष ठेवा म्हणून. म्हटलं, असून अंधार कसा?"

"दिवा धाकटी लावायची संध्याकाळी," ती म्हणाली. "मला काय, लावला काय नि नाही काय."

"हां, तेही खरंच. मागच्या वेळी पंधरा दिवस अंधारच होता बघा. आम्हाला वाटलं दोघीही गेलात गावाला. बायको म्हणालीसुद्धा, सांगून नाही गेल्या. नाहीतर डोकावलं नसतं का कुणी?"

त्या पंधरवड्यात कुणी दार वाजवलं नाही, तेव्हा तिला वाटलं होतं, लोकांनी आपल्यावर सोडून दिलंय सगळं. तिला ते आवडलं होतं.

"थांबा हं," ती म्हणाली. दाराशेजारी बटणांची रांग होती. पंख्याचं तिला ठाऊक होतं, कडेचं. बाकीच्यांशी तिचा कधी संबंध आला नव्हता. तिने एक दाबलं. "लागला?"

"हा जिन्यातला लागला."

तिने ते परत दाबलं आणि पुढचं चाचपलं. "आता?"

"लागला. हा आतला. हा दिसतो रस्त्यावरून."

"मग हाच ठेवते."

"ठेवा. बरं असतं," कंडक्टर म्हणाले आणि जिना उतरून गेले.

ताईने दार लावलं, पण बटणावरचा हात काढला नाही. त्याची खालची कड आत गेली होती आणि वरची बाहेर आली होती. म्हणजे चालू. तिने अंगठ्याने ते पुन्हा एकदा नीट बघून घेतलं. मग ती परत खुर्चीवर जाऊन बसली, गॅलरीकडे तोंड करून, रस्त्यावरून दिसेल अशी.