घर पाहायला नेलेली कोंबडी

राजुऱ्याकडच्या एका गावात, कोळशाच्या खाणीला लागून, बुधरी नावाची म्हातारी राहत होती. तिचा लेक अंकुश होता, सून करिश्मा होती, सुनेच्या मांडीवर चार महिन्यांची पोर होती. आणि परसात मी होते. मी त्यांची काळी कोंबडी बोलतेय. ऐकायचं तर आत्ताच ऐका, माझ्याकडे फार वेळ नाही.

माझा जन्म त्यांच्या चुलीमागचा, फुटक्या टोपल्यातला. अंडी अकरा होती, निघालो सात. दोघांना मांजरानं नेलं, दोघांना घारीनं. उरल्यांत मीच धट्टीकट्टी. बुधरी मला कण्या घालायची, पाठीवरून हात फिरवायची. तो हात मला फार आवडायचा. तो माझं वजन पाहत होता, हे उशिरा कळलं.

रोज दुपारी दोनला खाणीत सुरुंगाचा बार उडायचा. भुई हलायची, मांडणीवरची भांडी वाजायची. माणसं जेवता जेवता नुसतं ताट धरून ठेवायची. गेल्या श्रावणात असाच बार उडाला आणि मागची भिंत बसली. तिच्याखाली बुधरीचा नवरा मुखरू निजला होता. ओढून काढला तेव्हा तंबाखूची डबी मुठीत तशीच होती.

तेव्हापासून करिश्मा बाहेर कडुलिंबाखालीच निजायची, पोर झाल्यावर तिलाही घेऊन. निजायची कसली, बसून असायची. यंदा वैशाखात दुसरी भिंतही फुगली, तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली, "मृग लागाच्या आत घर पाहा. नाईतर मी पोरीले घेऊन माहेरी चालली. मंग राहा तुमी भिंतीसंगं."

अंकुशनं पाच कोसांवर घर पाहिलं. धनराजभाऊचं, निळ्या रंगाचं. पण बुधरीच्या सासरची एक रीत होती. घर घ्यायचं तर आधी जमिनीला विचारायचं. दोन दिवस उपाशी ठेवलेली कोंबडी न्यायची, उंबरठ्याच्या आत मूठभर तांदूळ टाकायचे. तिनं टिपले तर घरदेवाला जागा पसंत. मग घरात शिरायच्या दिवशी तीच कोंबडी त्याच उंबरठ्यावर देवाला द्यायची. हे सगळं मी डालग्याखालून, माझ्यावर पालथ्या घातलेल्या टोपलीतून ऐकलं.

निळ्या घरात बुधरीनं तांदूळ टाकले. मी जिवाला भ्यायले. दाण्यांकडे पाठ केली आणि उगीच काहीतरी करायचं म्हणून दाराच्या चौकटीवर चोच मारली. रंगाचा पोपडा निघाला. आत वाळवी, पांढरी, गुबगुबीत. मी खातच सुटले.

धनराजभाऊ हसला. "बाई, घर कोंबडीच्या नावानं लिहून देऊ काय?"

बुधरीनं कमरेच्या विळ्याचं टोक चौकटीला लावलं. ते बोटभर आत गेलं. "भाऊ, हे लाकूड हाय का पापड?"

"थोडी उधई कोनाच्या घरी नाई? काऊन एवढं मनावर घेऊन राह्यली?"

"एक भिंत माह्या मानसावर पडली," बुधरी म्हणाली. "तुह्या घरची माह्या नातीवर पाडू काय?"

घरी आल्यावर करिश्मा सासूला म्हणाली, "मामी, तुमच्या कोंबडीले घर पसंत पडेपर्यंत ही भिंत थांबन काय?" मृगाला आठ दिवस उरले होते.

मग शकुबाईचं घर निघालं. ती एकटी, लेकाकडे सिरोंच्याला चाललेली. घराला रंग नाही, पण पाया दगडाचा. "विहीर चैतात आटते, आधीच सांगतो बाप्पा," ती म्हणाली.

तांदूळ पडले. मी पुन्हा पाठ फिरवली. चौकट टोकून पाहिली, कडक सागवान. खांब टोकले, भिंतीचा कोपरा उकरला. काही नाही. सगळे माझ्या चोचीकडे पाहत होते. करिश्मा पोरीला घेऊन माझ्यासमोर उकिडवी बसली. झोपेविना तिचे डोळे लाल झाले होते. "टिप ना वो माय," ती हळूच म्हणाली, "टिप."

मी टिपलं. उगीच मोठेपणा देऊ नका मला. दोन दिवसांची उपाशी होते. आणि तिचे डोळेही पाहवत नव्हते. दोन्ही खरं.

बुधरी तिथंच उंबरठ्यावर बसली आणि मुखरू गेल्यापासून पहिल्यांदा रडली.

आज सकाळी ते या घरात आले. मी दाराशी डालग्याखाली आहे. अंकुश विळा दगडावर घासतोय. तुम्ही घर घ्याल तेव्हा एवढं करा, रंगाला भुलू नका. चौकट टोकून पाहा.

आत करिश्मा भिंतीला पाठ लावून निजलीय. खरोखर निजलीय, तोंड उघडं टाकून. पोर तिच्या पोटाशी. डालगं उचलायला बुधरीचा हात येतोय. मी ओरडणार नाही. तिला झोपू द्या.